सासू-सुनेची धार

बाबल तांडेल होडीत पाय ठेवत नाहीत, हे मालवणात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला तीन जणांनी सांगितलं. न्हाव्याने हळू आवाजात सांगितलं, खाणावळीच्या बाईंनी हसत सांगितलं आणि शाळेच्या शिपायाने ‘आता तुमका काय सांगू’ अशा थाटात सांगितलं. मी घाटावरून आलेला भूगोलाचा मास्तर. तांडेल म्हणजे मचव्याचा, शिडाच्या मोठ्या होडीचा, प्रमुख, सुकाणू त्याच्या हाती, एवढं मला नुकतंच समजलं होतं. असा माणूस होडीत पाय ठेवत नाही म्हणजे हलवायाने साखरेला हात न लावण्यासारखं झालं.

मला खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या शेजारी. समोर वाळू, वाळूवर झावळ्यांनी झाकलेला त्यांचा मचवा, आणि मचव्याच्या सावलीत जाळं विणत बसलेले तांडेल. साठीचा माणूस, पण दंड माडाच्या बुंध्यासारखे. रस्त्यावरून चालायचे तेही डावी-उजवीकडे झुलत. सपाट जमिनीवर त्यांचा तोल जात असे आणि त्याचा दोष ते जमिनीला देत. बोलण्याआधी एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठा उभा धरून समोरच्याकडे बघायची त्यांना खोड होती. पहिल्या दिवशी माझ्याकडे तसं बघितलं तेव्हा मला वाटलं, माझं माप घेताहेत. घेतही होते. "मास्तर पातळ आसत, पण टिकतीत," असा निकाल त्यांनी बायकोला ऐकवला.

कुठलीही घाई केली की म्हणायचे, "घाय कसली? दर्यो खंय पळान जाता?" चहा उकळत असला तरी हे, पाहुणे दारात उभे असले तरी हेच. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर फक्त भांडं आपटायच्या. काकींची बहुतेक मतं भांड्यांतून व्यक्त होत असत, पण जी तोंडातून येत ती अचूक असत. हे मला उशिरा समजलं. तांडेलांना तर त्याहून उशिरा.

होडीत पाय न ठेवण्यामागे एक नवस होता. मी यायच्या पाच वर्षं आधी मुंबईहून परतताना तांडेलांचा मचवा वादळात सापडला. दोन दिवस ना किनारा दिसला, ना आकाश. मचव्यात सात माणसं. तिसऱ्या दिवशी उजाडताना ढग फाटले आणि पूर्वेला दूर सह्याद्री दिसला. तिथल्या दोन शिखरांना इकडचे खलाशी सासू आणि सून म्हणतात. सासू रुंद, बसक्या बांध्याची. सून शेलाटी, उंच. उत्तरेकडून येताना सून सासूच्या आड लपलेली असते. मालवणच्या खडकांमधून बंदरात शिरायची वाट आली की सुनेचं डोकं सासूच्या उजव्या खांद्यावरून डोकावतं. सून डोकावली की सुकाणू वळवायचं, एवढा सोपा हिशोब. आणि तसेच खाली शिरोड्यासमोर गेलात, तर दोघी लांब लांब उभ्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये करवतीसारखी एक धार.

त्या सकाळी सून डोकावली आणि सात माणसं घरी आली. पण डोकावण्याआधी तांडेल हात जोडून बोलून बसले होते: "बाये सुने, पोरांका घराक पोचय. तुमची धार सासवेपासून तुझ्यापर्यंत चालत येतलंय, तुझ्या पायाशी नारळ ठेवतलंय. तोपर्यंत होडयेत पाय ठेवचंय नाय."

पोरं पोचली, दुसऱ्यांच्या मचव्यांवर जाऊ लागली आणि तांडेल मात्र किनाऱ्यावर अडकले. कारण तांडेलांना डोंगराची भीती वाटत होती. हे त्यांनी मला सांगितलं ते जाळ्याकडे बघत. "शिडाच्या काठयेर चढलंय वादळात, तेचा काय नाय. पण डोंगर... डोंगराचो काय भरवसो?" पाच वर्षं ते रोज सकाळी मचव्याच्या झावळ्या उचलून आत बघत, लाकडावरून हात फिरवत आणि पुन्हा झाकत.

मग एक दिवस न्हाव्याच्या दुकानात वर्तमानपत्र आलं. हिमालयातलं सगळ्यांत उंच शिखर माणसाने सर केलं होतं. मी मोठ्याने वाचत होतो. गिर्यारोहक एकमेकांना दोराने बांधून घेत वर गेले, हे वाक्य आलं आणि अर्धी दाढी झालेले तांडेल खुर्चीतून उठले.

"दोर? दोर बांधून गेले?"

"हो."

"अरे मेल्यानू, मगे आधी सांगूक नाय? दोर तर आमच्याकडे आसा!"

अर्ध्या दाढीनेच ते घरी गेले. त्या दिवसापासून पुढचं दीड वर्ष मालवणात दुसरं काही घडलं असेल तर मला आठवत नाही.

पहिल्यांदा पडवीची भिंत गेली. त्या पांढऱ्या भिंतीवर तांडेलांनी कोळशाने अख्खी धार काढली, डाव्या टोकाला सासू, उजव्या टोकाला सून. मधला प्रत्येक दात त्यांना तोंडपाठ होता. चाळीस वर्षं बघितलेला. प्रत्येकाला नाव दिलं: हे उंदराचं भोक, हा म्हाताऱ्याचा गुडघा, आणि मधोमध सगळ्यांत बारीक जागा, तिचं नाव आदाळो, म्हणजे आपली विळी. गणपती आले तशी काकींनी भिंत पुन्हा चुन्याने रंगवली. गणपती गेल्यावर तांडेलांनी पुन्हा धार काढली, आधीच्यापेक्षा मोठी.

मोहिमेत तिघे. तांडेल स्वतः, होड्या बांधणारा त्यांचा जुना दोस्त पास्कू मेस्त्री आणि मी. मला का, तर मी भूगोल शिकवतो आणि घाटावरचा आहे. मी जन्मात शाळेच्या जिन्यापलीकडे काही चढलो नव्हतो, हे मी तीनदा सांगितलं. "लाजतत," असं पास्कू म्हणाला. पास्कू मोठा भाविक ख्रिस्ती माणूस, रविवारची प्रार्थना कधी न चुकवणारा, पण बाबलच्या नवसाला त्याने एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. त्या मचव्यातल्या सात जणांत त्याचा धाकटा भाऊ होता.

सामानाची यादी मचव्याच्या सवयीने झाली. चाळीस वाव, म्हणजे चाळीस वेळा दोन्ही हात पसरून मोजलेला, सुंभाचा दोर. सुके बांगडे. पेजेचे तांदूळ. होकायंत्र. पास्कूने करवत आणि हातोडा घ्यायचा. कशाला, विचारलं तर म्हणाला, "खंय काय मोडला तर?" आणि एक बालदी.

"बालदी कशाला?" मी विचारलं.

"पाणी इला तर उपसूक नको?"

"डोंगरावर, तांडेल?"

त्यांनी एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं आणि बालदी यादीत राहिली.

सराव साकवावर. साकव म्हणजे व्हाळावर, ओढ्यावर, पोफळीची दोन खोडं टाकून केलेला पूल. शेवाळलेला, हातात धरायला काही नाही. तांडेलांचं म्हणणं असं, की धारेवर जसं दोन्ही बाजूंना काही नसतं, तसंच साकवावर नसतं, म्हणून साकव म्हणजेच धार. महिनाभर रोज शाळा सुटल्यावर आम्ही तिघं एकमेकांना बांधून त्या साकवावरून ये-जा करायचो. व्हाळात मी नऊ वेळा पडलो, पास्कू दोन वेळा. एकदा मी पडताना दोघांनाही घेऊन पडलो, तेव्हा काठावर धुणं धूत असलेल्या बायकांनी काम थांबवून टाळ्या वाजवल्या. तांडेल मात्र खूश. पाण्यातून डोकं वर काढून म्हणाले, "दोर टिकलो!"

मग त्यांना वाटलं, गर्दीत दोर सांभाळायची सवय हवी. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तिघे बांधलेले आम्ही मालवणच्या पेठेतून चालत गेलो. पुढे तांडेल, मध्ये मी, मागे पास्कू. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दुतर्फा उभी. एक गाय आमच्या दोरात शिरली आणि ती बाहेर निघेपर्यंत आम्ही मासळी बाजार ओलांडून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, की कसली मिरवणूक होती? मी म्हणालो, प्रात्यक्षिक भूगोल.

निघायचा दिवस जानेवारीतला ठरला. आदल्या संध्याकाळी काकींनी पिशवीत नारळ घातले. दोन.

"दोन कित्याक?" तांडेल म्हणाले. "नवस एकाचो."

"सासवेच्या अंगणातसून जातलास आणि नारळ सुनेक एकटीक देतलास? त्या दोघींका आयुष्यभर एकमेकीवांगडा रवाचा आसा." काकींनी पिशवीचं तोंड बांधलं. "तुमका काय, तुमी नारळ ठेवन परत येतलास."

एसटीने कुडाळ, तिथून बैलगाडी, मग पायी. डोंगराखालच्या गावात सासू-सून कुठे, हे कुणालाच सांगता येईना. सासू-सून ही नावं दर्यावरची, डोंगरात ती कुणाला माहीत नव्हती. शेवटी तांडेलांनी आकृती मातीत काढून दाखवली तेव्हा जानू नावाचा एक धनगर म्हणाला, "हां, ह्या डाव्या बाजूचा टेकाड आमचा. म्हशी चारूक जातंय थंय." दुधाची किटली हातात घेऊन, अनवाणी, तो आमच्या पुढे निघाला. सून म्हणजे कुठलं, ते त्याला नीट कळलं नसावं. आम्ही विचारलंही नाही. भिंतीवरचं चित्र आम्हाला पाठ होतं ना.

सासूच्या बाजूने धारेवर पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. सुरुवातीची वाट चांगली रुंद. उंदराचं भोक ओळखू आलं, म्हाताऱ्याचा गुडघा ओळखू आला. तांडेल प्रत्येकाला नाव घेऊन राम राम करत होते, जुने सोबती भेटावेत तसे. मग आदाळो आला. दोन हात रुंद खडक, पन्नासेक पावलं लांब. दोन्ही बाजूंना नुसती हवा, आणि खूप खाली झाडांचे शेंडे कोथिंबिरीच्या जुड्यांसारखे. वारा असा, की कान बधिर झाले. जानू धनगर किटली हलवत पलीकडे गेलासुद्धा. आम्ही दोर बांधला आणि तांडेल पहिलं पाऊल टाकून मटकन खाली बसले.

चेहरा पांढराफटक. घाम. मला वाटलं, संपलं सगळं.

"बाबल, काय झाला रे?" पास्कू मागून ओरडला.

"गरगरता."

"खाली बघू नको!"

"खाली बघान नाय रे!" तांडेल चिडून म्हणाले. "हो डोंगर हलणा नाय! माझ्या पायाखाली कधी काय हलल्याशिवाय रवला नाय. ह्यो मेलो सामको गप्प उभो आसा. म्हणान गरगरता!"

मला त्या तसल्या जागी हसू फुटलं. हसताना मी दोर घट्ट धरला आणि दोर थोडा हलला. तांडेल एकदम वळून म्हणाले, "तसाच! तसाच हलवा माका!"

आणि मग जे झालं ते मी आजही लोकांना सांगतो तेव्हा ते विश्वास ठेवत नाहीत. मी आणि पास्कू मागे खडकाला टेकून बसलो आणि तांडेलांच्या कमरेचा दोर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, लाटेच्या लयीत ओढू लागलो. ते उठले. झुलत झुलत, मालवणच्या पेठेतून चालतात अगदी तसे, दोन्ही बाजूंना हजार हात खोल कडे असलेल्या त्या खडकावरून ते चालत गेले. पलीकडून जानू धनगर तोंडात बोट घालून बघत होता. पास्कू "सायबा, सायबा" म्हणत देवाचा धावा करत होता, पण दोर हलवायचा थांबत नव्हता. मी कुठल्या देवाला हाक मारली ते आठवत नाही, बहुधा सगळ्यांना. आमची पाळी आली तेव्हा मी बसून सरकत गेलो, हे इथे कबूल करतो.

पुढे एक चढ, आणि भिंतीच्या हिशोबाने त्यावर सुनेचा माथा. तांडेल आता धावायला लागले. "चला चला, मास्तरानू!" घाय कसली म्हणणारा माणूस! माथ्यावर ते पोचले आणि तसेच उभे राहिले. मी मागून पोचलो. धार तिथे संपली होती.

समोर दरी. एवढी मोठी, की तिच्या तळातली नदी दोऱ्यासारखी दिसत होती. आणि दरीच्या पार पलीकडे, निळसर धुक्यात, वेगळ्याच डोंगररांगेवर सून उभी होती. तिच्याकडे जाणारी कसलीही धार नव्हती.

मग तांडेलांनी एक डोळा मिटला, अंगठा उभा धरला आणि कितीतरी वेळ तसेच बघत राहिले. हळूच म्हणाले, "मास्तर. सून सासवेच्या आड लपता."

"हो."

"आड लपता, म्हणजे ती मागे आसा."

"हो," मी म्हणालो, आणि माझे कान तापले.

"चाळीस वर्सां तिका लपताना बघतंय. लपता म्हणान तर बंदर गावता. आणि भिंतीर दोघींका बाजूबाजूक काढलंय!" ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले, मांडीवर थापा मारल्या, डोळ्यांतून पाणी. "आणि तुमी भूगोल शिकवतास!"

दीड वर्ष त्या भिंतीसमोर बसून चहा प्यायलो होतो. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, हे मी पाचवीला शिकवत होतो.

हसणं संपलं तरी डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. ते समुद्राकडे वळले. तिथून दर्या दिसत होता, एक चकाकती पट्टी. "म्हणजे माका आता परत दर्यावर जावक गावाचा नाय," ते म्हणाले. एवढंच. मला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला, की मी तो डोंगर पुस्तकातून पुसून टाकला असता. पास्कूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सासूचा नारळ फोडला, बालदीत पेज शिजवून चौघांनी खाल्ली, आणि दुसरा नारळ पिशवीत घेऊन खाली उतरलो.

घरी पोचल्यावर काकींनी सगळं ऐकून घेतलं. भांडं आपटलं नाही, म्हणून मी जरा घाबरलो.

"ती धार दिसता खंयसून?" त्यांनी विचारलं.

"दर्यातसून," तांडेल म्हणाले.

"आणि नवस खंय बोललास?"

"दर्यात."

"सून डोकावली ती खंय?"

"बंदराच्या तोंडार. दर्यात."

"मगे डोंगरात कित्याक गेललास?"

पास्कूने टोपी काढून डोकं खाजवलं.

"पण होडयेत पाय ठेवचंय नाय असा बोललंय मी," तांडेल हळूच म्हणाले. "नवस फिटासर."

"होडयेत नको. पवाक येता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निरभ्र होतं. पास्कूच्या होडीत पास्कू आणि मी, कमरेपर्यंत पाण्यात तांडेल, त्यांच्या कमरेला तोच चाळीस वाव सुंभाचा दोर, त्याचं टोक माझ्या हातात. काकी आणि अर्धा गाव वाळूवर. निघण्याआधी तांडेलांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा महाराजा! आज ह्यो बाबल नवस फेडूक निघालो आसा..."

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले.

"धार होती ती चाललंय, नव्हती ती खंयसून चालू? लेकराची चूक पोटात घाल..."

"व्हय महाराजा!"

"आणि ह्या मास्तराक भूगोल येणा नाय, तेचीय चूक पोटात घाल!"

"व्हय महाराजा!" पास्कूचा आवाज सगळ्यांच्या वर. मलाही म्हणावं लागलं.

मग ते पोहायला लागले. नारळ पाण्यात पुढे ढकलायचा, दोन हात मारायचे, पुन्हा ढकलायचा. साठीचा माणूस लाटांतून नारळामागे चाललाय आणि मागून होडी. लाटेआड त्यांना डोंगर दिसेना. "मास्तर, सून इली काय?" दर चार हातांनी विचारायचे. मी होडीत उभा, मळमळत होतं, पोटातलं सगळं वर येत होतं, पण एक डोळा मिटून अंगठा उभा धरला होता. सासू दिसत होती. नुसती सासू. "नाही अजून!" मी ओरडायचो. पास्कू होडी थोडी दक्षिणेला काढत होता. सासूच्या उजव्या खांद्यावर एक बारीक टोक आलं. आधी वाटलं ढग आहे. मग वाढलं.

"आली! तांडेल, सून आली!"

त्यांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, काय पुटपुटले ते ऐकू आलं नाही, आणि सोडून दिला. नारळ हलत हलत दूर गेला. ते बघत राहिले, मग वळून होडीच्या कडेला दोन्ही हात टाकले आणि एका झेपेत आत आले. पाणी निथळत होतं. आठेक वर्षांनी पायाखाली होडी. त्यांनी पाय फाकून, ती झुलते तसं झुलून घेतलं, आणि पास्कूला म्हणाले, "सरक." सुकाणू हातात घेतल्यावर त्यांच्या तोंडावर जे आलं ते पाहून मी मळमळ विसरून रडलो. वाळूवरून लोकांचा ओरडा येत होता. तिसऱ्या दिवशी झावळ्या काढून मचवा पाण्यात गेला.

पुढची काही वर्षं मला तांडेल किनाऱ्यावर क्वचितच भेटले. एकसष्ट साली माझी बदली झाली. मुंबईच्या बोटीने निघालो. बोट नांगर उचलून हळूहळू बाहेर पडली तेव्हा खडकांच्या तोंडाशी एक मचवा आधीच येऊन थांबलेला. सुकाणूवर तांडेल, झुलत उभे. मी कठड्याशी धावलो. ते काहीतरी ओरडले, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग त्यांनी एक हात लांब केला, अंगठा उभा धरला आणि हनुवटीने पूर्वेकडे खूण केली.

मी बघितलं. एक डोळा मिटून, अंगठा धरून बघितलं. बोट उत्तरेला सरकत होती आणि सुनेचं डोकं सासूच्या खांद्याआड जात होतं. अर्धं राहिलं, टोक राहिलं, मग नुसती सासू.

"गेली!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

तांडेलांनी मान हलवली, सुकाणू वळवलं आणि ते बंदराकडे परत गेले.